मास्तरांच्या हातांना रजा

मी रुग्णालयात औषधांच्या खिडकीमागे बसतो. तिथून समोर लिफ्ट दिसते, लिफ्टशेजारचा सूचनाफलक दिसतो आणि त्या फलकापुढे उभी राहणारी माणसं दिसतात. बहुतेक जण लिफ्ट येईपर्यंत वाचतात आणि लिफ्ट आली की वाक्य अर्धवट टाकून आत शिरतात. कवळीमास्तरांचं उलटं झालं. लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं, लिफ्ट वर गेली, परत खाली आली, आणि हे आपले फलकापुढेच. हातात नेहमीचा पत्र्याचा डबा, मान जराशी तिरकी. चार वेळा लिफ्ट गेली. मी मोजलं, कारण त्या सकाळी खिडकीवर गर्दी नव्हती.

फलकावर एक नवीन कागद लागला होता. टाळू फाटलेल्या बाळांच्या शस्त्रक्रियांना मदत म्हणून परदेशात सायकल मोहीम. आठ दिवस, सहाशे किलोमीटर, दोन खिंडी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अनुभव नसला तरी चालेल. हा कागद लावला होता आमच्या सर्जनबाईंनी. त्या या बाळांच्या टाळू शिवतात. त्याच तेवढ्यात जिन्याने खाली आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "काय मास्तर, येताय का?"

"येतो," मास्तर म्हणाले.

बाईंनी गमतीत विचारलं होतं. पण त्यांचा स्वभाव असा की कुणी हो म्हटलं की लगेच कागदावर नाव. पुढे मास्तरांनी मला सांगितलं, "तोंड बोलून गेलं हो. मी अजून दुसऱ्याच ओळीवर होतो."

मास्तर तेव्हा चौपन्न वर्षांचे. रुग्णालयाच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर त्यांची दातांची प्रयोगशाळा आहे. एक लांब टेबल, त्याच्यासमोर उत्तरेची खिडकी, भिंतीवर फळ्या, फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने हसत बसलेले. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या कवळ्या त्यांच्या हातच्या. पण त्यांचं खरं काम वेगळं होतं, आणि ते फार थोड्यांना ठाऊक होतं. टाळू दुभंगलेलं बाळ जन्मलं की त्याला दूध ओढता येत नाही, ते नाकातून परत येतं. शस्त्रक्रिया करायला बाळ काही महिन्यांचं व्हावं लागतं. तोवर टाळूची फट झाकायला एक पातळ चकती लागते, अंगठ्याच्या नखाहून थोडी मोठी. बाळाच्या टाळूचं माप ओल्या कापडात गुंडाळून डब्यातून मास्तरांकडे यायचं. ते त्यावरून प्लॅस्टरचा साचा ओतायचे, साच्यावर चकती बनवायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून पोचवायचे. बावीस वर्षं. वॉर्ड चौथ्या मजल्यावर. मास्तर डबा तळमजल्यावरच्या खिडकीत देऊन परत फिरायचे.

माणूस तसा भला, पण भानावर कमी. पाव आणायला गेले तर बटणांची डबी घेऊन परतणार. त्यांच्या बायको घरी पडदे शिवतात. मोठमोठ्या खिडक्यांचे, जमिनीपर्यंत येणारे. त्यांना त्या संध्याकाळी मास्तरांनी सांगितलं, तेव्हा त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यांनी आधी एकेक टाचणी काढून उशीत खोचली.

"सायकल? कुणाची?"

"आपली. घ्यायचीय."

"शेवटची कधी चालवलीत?"

"शाळेत असताना."

"ती कुठंय आता?"

"ती मित्राची होती."

"अहो, तुम्ही रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघत नाही. तुमची बाही धरून मी तुम्हाला तीस वर्षं रस्ता ओलांडवतेय. तिकडे घाटात कोण धरणार?"

मास्तर म्हणाले, "सात जण आहेत म्हणे." बायकोने पुन्हा टाचण्या तोंडात घेतल्या. त्या घरात एखादा विषय संपला की असाच संपायचा.

सातांतला एक मी. मला सायकलचा नाद आधीपासूनचा. तयारीला आठ महिने होते. दर रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेरच्या मोठ्या रस्त्यावर जमायचो. सर्जनबाई पुढे, त्यांच्यामागे भूलतज्ज्ञ, मग बाकीचे, आणि सगळ्यांत शेवटी, दृष्टीच्या टोकाला, एक पिवळा ठिपका. तो पिवळा कोट मास्तरांच्या बायकोने शिवला होता. पाठीवर, बाह्यांवर, खिशांच्या कडांना चमकणारी पट्टी लावलेली. त्यांनी मोहिमेबद्दल तोंडातून चांगला शब्द काढला नव्हता, पण पट्टी मात्र मोज्यांनासुद्धा लावली होती. सायकलची जाड गादीवाली चड्डी दुकानातून आणली, ती त्यांनी उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाल्या, "ही चड्डी आहे की उशी?" मग ती उसवून, नीट मापाची करून परत शिवली.

तिसऱ्या का चौथ्या रविवारी मास्तर हरवले. आम्ही ठरलेल्या पुलापाशी पोचलो, अर्धा तास थांबलो, पिवळा ठिपका काही येईना. सर्जनबाईंनी फोन लावला.

"मास्तर, कुठे आहात?"

"इथेच आहे. शेजारून पाणी चाललंय."

"कुठलं पाणी?"

"शांत आहे. पलीकडे एक पांढरा घोडा उभा आहे. तोही बघतोय."

ते कालव्याच्या रस्त्याला लागले होते. आमचं वळण त्यांना दिसलंच नाही आणि अकरा किलोमीटर ते पाण्याच्या चालीने सरळ गेले. त्यांना आणायला मी गेलो. ते सायकल गवतावर आडवी टाकून बसले होते आणि मला बघून जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "या रस्त्याला चढच नाही. पाण्याला चढ चालत नाही ना." मला हसू आलं. त्या दिवसापासून सर्जनबाईंनी मास्तरांना माझ्या गळ्यात बांधलं. माझा वेग गेला, पण एक मित्र मिळाला.

आठवड्याचे बाकीचे दिवस ते घरीच पाय मारायचे. बंदिस्त गच्चीत मागचं चाक एका घोडीवर चढवलेलं, म्हणजे चाक फिरतं पण सायकल जागची हलत नाही. त्याच गच्चीत बायकोचं पडद्याचं कापड टांगलेलं असायचं. लांब पडद्याचं कापड शिवण्याआधी काही दिवस लोंबकळत ठेवावं लागतं, म्हणजे ते आपल्या वजनाने ताणून बसतं आणि मागाहून खाली उतरत नाही. सकाळी ऊन त्या कापडाच्या मागून यायचं. मास्तर त्याच्यासमोर बसून तासभर पाय मारायचे. एके सकाळी मी त्यांना बोलवायला गेलो, तेव्हा कापड राखाडी-हिरवं होतं, जाडं, त्याच्यात सुताच्या गाठी. मास्तर डोळे अर्धे मिटून चालवत होते.

"कुठवर आलात?" मी सहज विचारलं.

"झाडं संपली," ते म्हणाले. "आता नुसतं गवत. मागच्या आठवड्यात निळं होतं तेव्हा तळ्याकाठाने गेलो. तिकडे गार होतं."

बायको आतून म्हणाल्या, "उद्या ते कापड उतरवणार आहे मी. पोचायचं असेल तिथे आजच पोचा."

मला हे थट्टेचं वाटलं होतं, पण मास्तर खरंच जायचे. त्यांनीच मला सांगितलं. लहानपणापासून त्यांना ती सवय. प्लॅस्टर ओतून ते घट्ट व्हायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास हात मोकळे, डोळे मोकळे. समोर त्या बाळाची टाळू, एवढीशी, पांढरी. पुढच्या बाजूला वळ्या असतात, ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा. मागे उतार. मध्ये ती दरी. "बावीस वर्षं मी तिथेच हिंडतोय," ते म्हणाले. "एकाही रस्त्यावर माणूस भेटलं नाही."

"माणूस म्हणजे?"

"बाळ. मी अजून एकही बाळ बघितलेलं नाही."

मला हे माहीत नव्हतं. मी ते सर्जनबाईंच्या कानावर घातलं. त्या एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, "असं कसं होईल?" मग विचार करून म्हणाल्या, "असंच झालं असणार. आम्ही कुणी बोलावलंच नाही."

निघायला दोन महिने राहिले होते, तेव्हा त्या मास्तरांना स्वतः खिडकीपासून चौथ्या मजल्यावर घेऊन गेल्या. मीही गेलो. लिफ्टमध्ये मास्तर डबा छातीशी धरून उभे होते. वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण आई, तिच्या मांडीवर चार दिवसांचं बाळ. बाळ रडत होतं, पण आवाजात जोर नव्हता. परिचारिकेने चकती उकळलेल्या पाण्यातून काढली, बोटाच्या टोकावर घेतली आणि अलगद बाळाच्या तोंडात बसवली. बाळाने तोंड वेडंवाकडं केलं. मग बाटली. आधी काहीच झालं नाही. मग घुटुक. मग थोडं थांबून परत घुटुक. मग ते सारखं होऊ लागलं, आणि त्या मोठ्या खोलीत तेवढाच आवाज राहिला.

मास्तर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. आईने वर बघितलं. परिचारिका म्हणाली, "यांनीच बनवलीय."

"किती दिवस लागले?" आईने विचारलं.

"एक," मास्तर म्हणाले.

"मला नऊ महिने लागले," ती म्हणाली आणि हसली, आणि हसता हसता तिला रडू आलं.

मास्तर तिथून निघाले ते चुकीच्या बाजूला वळले. मी शोधत गेलो तर चादरींच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या दोन ढिगाऱ्यांच्या मध्ये स्टुलावर बसलेले. मी शेजारी उभा राहिलो. ते म्हणाले, "मी येणार नाही."

"कुठे?"

"मोहिमेला. आपण तिकडे असताना असं बाळ जन्मलं तर? प्रवास धरून बारा दिवस मी इथे नसणार. बाळाला बारा दिवस थांब म्हणून कोण सांगणार?"

हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. शहरात ही चकती बनवणारे ते एकटेच. दुसरी जागा रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर. त्याआधीच्या वर्षांत त्यांनी दोन दिवसांपेक्षा मोठी रजा घेतलेलीच नव्हती. आम्ही मदत गोळा करायला निघालो होतो बाळांसाठी, आणि निघालो होतो त्या बाळांच्या एकुलत्या एका माणसाला घेऊन.

सर्जनबाईंनी ऐकून घेतलं. समजूत काढली नाही. एवढंच म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही सायकलवरून पडलात तरी हाच प्रश्न येईल. तुम्हाला ताप आला तरी येईल. मग कुणाला तरी शिकवा."

शिकवायचं कुणाला, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. मास्तरांच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात काचेच्या आडोशामागे एक बाई बसायची. आम्ही तिला पॉलिशताई म्हणायचो. पस्तिशीची, कमी बोलणारी, कानाला कापूस लावून चाकावर कवळ्या घासणारी. नऊ वर्षं ती मास्तरांच्या चकत्यांना शेवटचा हात देत होती. चकतीच्या कडेवरून ती कापसाचा पुंजका फिरवायची. कापसाचा एक तंतू जरी अडकला, तरी चकती परत चाकावर. तिच्या हातून गेलेल्या चकतीने कधी बाळाची जीभ सोलवटली नाही. पण साचा ओतणं, मेण लावणं, चकती घडवणं हे तिने कधी केलं नव्हतं.

"मला जमणार नाही," ती म्हणाली. "घासणं वेगळं. माझ्या हातून बाळाला काही झालं तर?"

"माझ्या हातून होत नाही ते तुझ्यामुळे," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती कानातला कापूस काढून टेबलाशी येऊन बसली.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ. मास्तरांना येत होतं सगळं, सांगता येत नव्हतं काहीच. मी दुपारच्या सुट्टीत कधी डोकावायचो.

"इथे मेण थोडं कमी," मास्तर म्हणायचे.

"कमी म्हणजे किती?"

"कमी म्हणजे... कमी."

"मास्तर, असं नाही चालायचं. माझ्या बोटाला कळेल असं सांगा."

मास्तर स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे, जणू ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत आणि प्रश्न त्यांना विचारलाय. एकदा त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले, कारण हात मोकळे असले की ते तिच्या हातातलं काम काढून घ्यायचे आणि क्षणात पुरं करून टाकायचे. तिने बनवलेल्या पहिल्या सात चकत्या साच्यावर डुगडुगत होत्या. आठवी बसली, पण मध्येच तडकली. ती उठली, पाणी प्यायली, आडोशामागे जाऊन दोन कवळ्या घासून आली आणि परत बसली.

मार्ग निघाला तो सायकलवर. एका रविवारी चढावर मास्तरांना धाप लागली होती, आणि मी त्यांना सांगत होतो, मनातल्या मनात मोजू नका, तोंडाने बोला, म्हणजे श्वास आपोआप बसतो. मग ते बोलू लागले. काय बोलणार, जे दिसेल ते. हा दगड, हे कुंपण, इथे रस्ता मऊ झाला. सोमवारी प्रयोगशाळेत त्यांनी तेच केलं. काम करता करता सगळं तोंडाने बोलत गेले, आणि पॉलिशताई एका जुन्या वहीत उतरवत गेली. ती वही मी पाहिलीय. त्यात माप कुठेच आकड्यात नाही. मेण पापणीइतकं जाड. पाणी घालताना पावडर आधी भिजते, मग चमकते, मग चमक जाते, चमक गेली की ओतायचं. कडेला बोट लावलं की झोपलेल्या माणसाच्या ओठासारखं लागलं पाहिजे. हे वाचून माझ्यासारख्याला काही कळणार नाही. तिला कळलं. महिनाभरात तिची चकती साच्यावर अशी बसली की मास्तर ती उचलायला गेले तर साचाच वर उचलला गेला.

त्या दिवशी मास्तर संध्याकाळी खूप लांबवर सायकल चालवून आले, एकटेच, आणि एकही वळण चुकले नाहीत. बायको मला म्हणाल्या, "माणूस हलका झालाय. जिना चढताना आवाज येत नाही आता."

देणग्याही जमत होत्या. मास्तरांनी कुणाकडे हात पसरला नाही. कवळी दुरुस्त करायला आलेल्या म्हाताऱ्यांना ते आपल्या तंद्रीत खिंडीबद्दल सांगायचे, गवताबद्दल, तिकडच्या धुक्याबद्दल. म्हातारे ऐकत बसायचे. कवळी काढलेली असल्यामुळे मध्ये बोलताही यायचं नाही. उठताना काही ना काही देऊन जायचे. एक आजीबाई म्हणाल्या, "पोहोचलास की माझ्या वाटचंही बघून घे." मास्तरांनी ते मन लावून कबूल केलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी सायकली उघडून खोक्यांत भरल्या होत्या. सकाळी दहाला मास्तर प्रयोगशाळेत निरोप घ्यायला म्हणून गेले आणि मागोमाग चौथ्या मजल्यावरून डबा आला. रात्री बाळ जन्मलं होतं. मुलगी. फट रुंद होती, अगदी मागपर्यंत गेलेली.

मास्तरांनी हात धुतले, कामाचा पांढरा कोट चढवला. पॉलिशताईने डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"उद्या तुम्ही नसणार," ती म्हणाली. "मग आजही नाही असं समजा."

मास्तरांनी कोट उतरवला नाही, पण ते स्टुलावर जाऊन बसले. मी दुपारी गेलो तेव्हा ते तसेच बसलेले होते, हात मांडीखाली. खोलीत चाकाचा बारीक घरघर आवाज. पॉलिशताई स्वतःशीच पुटपुटत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. तिने कापूस फिरवला. तंतू अडकला. ती परत चाकाशी गेली. दुसऱ्यांदा फिरवला, कापूस सुळकन निघून आला. मास्तरांनी श्वास सोडला तो मला दारात ऐकू आला.

संध्याकाळी पाचला आम्ही सगळे वर गेलो. पॉलिशताई पहिल्यांदाच वॉर्डात आली होती, तिने केसांवरची पांढरी भुकटीसुद्धा झटकली नव्हती. परिचारिकेने चकती बसवली. बाळाने एकदा जीभ लावली आणि चकती बाहेर ढकलली. परत बसवली, परत ढकलली. बाळाची आई पलंगाच्या दांड्याला घट्ट धरून होती. मास्तर दारातून पुढे आले, त्यांचा हात आपोआप वर उठला होता.

"मास्तर, बसा," पॉलिशताई म्हणाली.

आवाज चढवला नव्हता तिने. मास्तर जिथे होते तिथे, दुसऱ्या रिकाम्या खाटेच्या कडेवर बसले. पॉलिशताईने चकती हातात घेतली, मागची कड बोटाने चाचपली, डोळे मिटले, परत चाचपली. "इथे बोचतंय तिला," ती म्हणाली. ती खाली गेली. वीस मिनिटं लागली असतील. त्या वीस मिनिटांत सर्जनबाई खिडकीशी उभ्या राहून बाहेर बघत होत्या, मी चादरीची घडी मोडत होतो आणि नीट करत होतो, आणि मास्तर बाळाकडे बघत होते. बाळही त्यांच्याकडे बघत होतं, म्हणजे निदान त्या दिशेला. मास्तर हळू आवाजात तिला सांगत होते, "आलीच ती. जिन्यात असेल. आता दुसरा मजला. आता वळली."

पॉलिशताई जिन्यानेच आली, धापा टाकत. चकती बसवली. बाळाने जीभ लावली, थांबलं. बाटली लावली. मग घुटुक झालं. आणि मग ते बाळ असं पिऊ लागलं की परिचारिकेला बाटली मागे घेऊन त्याला श्वास घ्यायला लावावा लागला.

पॉलिशताई पलंगाच्या पायाशी उभी राहून ऐकत होती. सात वेळा, आठ वेळा. मग म्हणाली, "नऊ वर्षं मला वाटायचं, ह्या चकत्या कुणाच्या तोंडात जात असतील." मास्तर उठले, आपला पांढरा कोट काढला, घडी केली आणि तिच्या हातात दिला. तिने तो काखेत मारला आणि दोघं बोलत बोलत खाली गेली. चकतीच्या मागच्या कडेचं काहीतरी चाललं होतं त्यांचं, मला त्यातलं अक्षर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर मास्तरांच्या बायको आल्या होत्या. त्यांनी माझी बाही धरली आणि म्हणाल्या, "रस्ता ओलांडताना एवढंच करा."

तिकडचं सगळं सांगत बसत नाही. पहिले दोन दिवस नदीकाठाने सपाट रस्ता, दोन्हीकडे उंच झाडं, त्यांच्या सावल्यांच्या आडव्या पट्ट्या चाकांखालून जात होत्या. मास्तर खूश होते. तिसऱ्या दिवशी खिंड. पहाटे निघालो तेव्हाच धुकं होतं. वळणावर वळणं, वर बघावं तर रस्ता ढगात शिरलेला. सर्जनबाईंनी मला सांगितलं, आज तू तुझ्या वेगाने जा, मास्तरांच्या मागे गाडी आहे. सामानाची गाडी चालवणारा तिकडचाच माणूस होता, मिशाळ, त्याची भाषा आम्हाला येत नव्हती आणि आमची त्याला. तो सगळा चढ मास्तरांच्या मागे दिवे लावून पायी चालल्यासारखी गाडी चालवत राहिला. मास्तरांनी एकदाही गाडीत बसायला मागितलं नाही आणि त्यानेही एकदाही हॉर्न वाजवला नाही.

आम्ही सहा जण वर पोचलो तेव्हा धुक्याच्या वर आलो होतो. ऊन, वारा, आखूड गवताचा एक सपाट तुकडा, दगडांचं बुटकं कुंपण. आम्ही सायकली आडव्या केल्या, बसलो आणि बसल्या जागी आडवे झालो. सर्जनबाईंनी तर हेल्मेटसुद्धा काढलं नव्हतं. मास्तर यायला अजून वेळ होता. टाळ्या वाजवून त्यांचं स्वागत करायचं ठरवलं होतं आम्ही.

माझे डोळे किलकिले झाले तेव्हा ऊन सरकलेलं होतं. पिवळा कोट घातलेलं कुणीतरी आमच्यातून पावलं जपून टाकत चाललं होतं. मास्तरांनी सायकल कुंपणाला टेकवून ठेवली होती. ते भूलतज्ज्ञांच्या उघड्या बाटलीला झाकण लावत होते. मग वाऱ्याने लोळत चाललेला कुणाचा तरी हातमोजा त्यांनी उचलला, तो त्या माणसाच्या उशाशी ठेवला आणि त्यावर दगड ठेवला. गाडीवाला मिशाळ माणूस कुंपणावर बसून सफरचंद कापत होता. त्याने एक फोड सुरीच्या टोकावर पुढे केली. मास्तरांनी ती घेतली आणि त्याच्या शेजारी बसले.

"कधी आलात?" मी पडल्या पडल्या विचारलं. आवाज नीट निघाला नाही.

"मघाशी. झोपा तुम्ही."

"उठवायचं ना."

"गाढ झोपलेत सगळे," ते म्हणाले. "राहू द्या थोडा वेळ."

त्यांचे पाय कुंपणावरून खाली लोंबकळत होते. खाली पलीकडच्या बाजूला, जिथून आम्हाला उतरायचं होतं, तिथे धुकं हळूहळू विरत चाललं होतं, आणि एकेक छप्पर, एकेक झाड, एक लहानसा पूल असं करत गाव वर येत होतं. मास्तर बोटाने ते त्या माणसाला दाखवत होते, आपल्या भाषेत काहीतरी सांगत होते, आणि तो मान हलवून त्याच्या भाषेत उत्तर देत होता. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता माझा परत डोळा लागला.